आयसीयूच्या दाराबाहेर: नवरा किंवा बायको गंभीर आजारी असताना आपण काय करायचं

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ह्या आमच्या पट्ट्यात 'जीबीएस' हे नाव भाजीवाल्यांच्यासुद्धा तोंडी झालं. त्या साथीत पुणे परिसरात २०० हून जास्त संशयित रुग्ण सापडले. त्यातले एक आमचे हे. गियाँ-बारे सिंड्रोम असं त्याचं पूर्ण नाव. आधी जुलाब झाले, ते थांबले, आम्ही विसरूनही गेलो. आठवड्याभराने पायाला मुंग्या, मग पाय जड, मग हात, आणि शेवटी श्वास.

आमची पिठाची गिरणी आहे आणि मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. हे व्हेंटिलेटरवर गेले, पुढे गळ्याला भोक पाडून नळी घातली, नाकातून दुसरी नळी, सगळं झालं. आज काठी टेकत गिरणीत जाऊन बसतात आणि हाताखालच्या पोराला बोलणी घालतात. तेव्हापासून ओळखीत कुणी ॲडमिट झालं की फोन येतो, "वहिनी, काय काय बघायचं?" दर वेळी फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून लिहून काढते. आजार वेगळा असला तरी बरंचसं लागू पडेल. औषधाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, त्यात मी पडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आजाराकडे बघायला तिथं पुष्कळ जण असतात. ह्या माणसाला चहा कसा लागतो, तो कशाला घाबरतो, डाव्या कुशीवर का झोपत नाही, हे ठाऊक असलेलं तिथं एकच माणूस असतं आणि ते तुम्ही. तेवढी जागा सोडू नका. नर्स व्हायला जाऊ नका, डॉक्टर व्हायला तर नकोच नको.

ॲडमिट करताना

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न येतो, "कधीपासून?" आणि घरातली तीन माणसं तीन उत्तरं देतात. रिक्षात किंवा १०८ च्या गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर क्रमाने लिहून काढा. वार घालून लिहा. डॉक्टरी शब्द शोधू नका, डोळ्यांनी दिसलं ते लिहा. मी लिहिलं होतं: "मंगळवारी चप्पल पायातून सटकायला लागली. बुधवारी जिना चढताना कठडा धरला. आज चहाचा कप दोन्ही हातांनी." न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी तो मोबाइल हातात घेऊन दोनदा वाचला. 'अशक्तपणा वाटतो' असं लिहिलं असतं तर त्यातून त्यांना काही कळलं नसतं.

बरोबर न्यायचं ते असं: चालू गोळ्यांच्या पट्ट्या (रिकाम्या झालेल्याही चालतात, नाव वाचता आलं म्हणजे झालं), जुने रिपोर्ट, कशाची ॲलर्जी असेल तर तसं लिहिलेला कागद, आधार, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड. अंगठी आणि साखळी घरीच काढा. हाताला सूज आली की अंगठी कापावी लागते. कवळी असेल तर काढून डबीत घालून घरी न्या, ती हमखास हरवते. चष्मा मात्र न्यायचा आणि ठेवायचा. कानाचं यंत्र असेल तर तेही.

जीबीएसचा पेशंट असेल तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. पाय चालत नाहीत त्याची सगळ्यांना भीती वाटते, पण खरं लक्ष ठेवायचं श्वासावर. वॉर्डातल्या रजिस्ट्रार डॉक्टरांनी ह्यांना एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावले होते. धडधाकट माणूस सहज तिसाच्या पुढे जातो. हे संध्याकाळी बावीसला थांबले आणि रात्री चौदाला. मी ताबडतोब सिस्टरना सांगितलं. आकडा घसरला, गिळताना ठसका लागला, आवाज नाकातून यायला लागला, ह्यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही. त्याच मिनिटाला सांगायचं.

वही

शंभर पानी वही घ्या आणि पेन तिला दोरीने बांधून टाका. आमच्या काउंटरवर असतं तसं. हॉस्पिटलात पेन टिकत नाही, कुणीतरी "ताई, जरा सही करायला" म्हणून नेतंच. वहीच्या पुढच्या बाजूने आजार, मागच्या बाजूने पैसा. दोन्ही एका वहीत असले की धावपळीत एकच वस्तू सांभाळावी लागते.

पुढच्या बाजूला रोज तारीख, कोणते डॉक्टर भेटले, काय म्हणाले, पुढे काय ठरलं. डॉक्टर बोलत असतानाच लिहा. समोर वही दिसली की माणूस जरा सावकाश आणि नीट बोलतो, हा माझा अनुभव. मी रोज तेच तीन प्रश्न विचारायची: कालच्यापेक्षा आज काय बदललं? आज काय करणार आहात? आणि कोणती गोष्ट घडली तर तुम्हाला काळजी वाटेल? ह्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं असतं. "कधी बरे होतील?" हा प्रश्न मी मनातल्या मनात रोज विचारला, तोंडाने क्वचित. त्यावर "वेळ लागेल" ह्यापलीकडे त्यांच्याकडेही काही नसतं आणि जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, ती त्यात जातात.

मोठ्या हॉस्पिटलात एका पेशंटला चार-चार स्पेशालिस्ट बघतात. छातीचे डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे, किडनीचे म्हणतात थांबा, आणि आपण मध्ये लटकतो. पहिल्याच दिवशी विचारून घ्या की मुख्य डॉक्टर कोण. अंतिम काय ते त्यांच्याकडूनच ऐकायचं. रोजच्या बारीकसारीक गोष्टी, म्हणजे ताप किती होता, रात्री झोप लागली का, लघवी किती झाली, हे सिस्टरना विचारा, त्यांना नेमकं माहीत असतं. फक्त त्यांची ड्युटी बदलत असते तेव्हा विचारू नका. त्या वेळी एक सिस्टर दुसरीला प्रत्येक पेशंटचा हिशेब देत असते, त्यात तोडलं तर एखादी गोष्ट सांगायची राहते आणि ती आपल्याच माणसाची असू शकते.

उपचार सुरू होताना त्याचं गणित समजून घ्या, लाजू नका. जीबीएसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, वायरचं वरचं आवरण सोलून निघावं तसं होतं, आत करंट असून पुढे पोचत नाही. त्यावर दोन मुख्य उपाय: आयव्हीआयजी नावाची प्रतिपिंडांची इंजेक्शनं, नाहीतर रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, बदलणं. आयव्हीआयजी वजनावर ठरतं, साधारणपणे किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज २८ आणि एकूण १४० ग्रॅम. बाटली ५ ग्रॅमची असेल तर २८ बाटल्या, आणि एकेका बाटलीला हजारो रुपये. म्हणून वजन अंदाजाने लिहू देऊ नका. नुकतं कुठं केलेलं असेल तर सांगा, ह्यांचं गिरणीतल्याच काट्यावर झालं होतं. बाहेरून बाटल्या आणायला सांगितल्या तर त्या २ ते ८ अंश थंडीत ठेवायच्या असतात. दुकानदाराकडून बर्फाच्या डब्यातच घ्या, वाटेत कुठं थांबू नका, आणि प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर बिलावर आहे ना ते बघा.

नळी घालायच्या आधी

व्हेंटिलेटर लावायचा तर घशात नळी जाते आणि माणसाचं बोलणं बंद होतं. कधी हे अचानक होतं, कधी डॉक्टर तासभर आधी सांगतात. तेवढा वेळ मिळाला तर तो सह्या करण्यात आणि नातेवाइकांना फोन करण्यात घालवू नका. सह्या पाच मिनिटांच्या असतात. फोन मुलाला करू द्या. तुम्ही आत जा.

मी आत गेले तेव्हा हे घामाने थबथबले होते आणि मान हलत नव्हती. मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, नळी घातली की बोलता येणार नाही, पण ऐकू येईल आणि मी रोज येईन. दोन, ही नळी श्वासाच्या स्नायूंना विसावा देण्यासाठी आहे. तीन, काही दुखलं-खुपलं तर डोळे वर करायचे, म्हणजे 'हो'. लगेच करूनही घेतलं. मग विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. म्हणाले, "वीजबिल भरायचंय गिरणीचं." मी म्हटलं भरते. आणखी थोडं बोलणं झालं, ते आमचं आमच्यात.

त्या वेळी "काही होत नाही हो" असं म्हणू नये. त्यांना कळत असतं काय होतंय ते. काय होणार आहे ते साध्या शब्दांत सांगितलेलं बरं.

आत दहा मिनिटं मिळतात, त्यात काय करायचं

हात धुवा, हॅण्डरब लावा, मनगटातल्या बांगड्या-घड्याळ बाहेर ठेवून जा. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला पाठवा.

आत गेल्यावर मशीनकडे बघू नका. मलाही पहिले दोन-चार दिवस त्या आकड्यांवरून डोळे हटवता येत नव्हते. पण ते बघायला तिथं सिस्टर आहेत, आणि तुमचे डोळे स्क्रीनवर असले तर पेशंट तुमच्या चेहऱ्यावरून आकडे वाचत बसतो. आधी त्याच्या नजरेच्या टप्प्यात उभ्या राहा. मान वळत नसेल तर पायथ्याशी नाही, वरून दिसेल असं. मग वार, तारीख, सकाळ की संध्याकाळ, ते सांगा. आयसीयूत खिडकी नसते, दिवे रात्रंदिवस चालू, आणि माणसाचा काळ-वेळ पार सुटतो. आमच्या ह्यांना एका रात्री वाटलं की पलंग एस.टी.च्या टपावर बांधलाय आणि गाडी घाटातून चाललीय. हे नंतर त्यांनीच सांगितलं. असे भास पुष्कळांना होतात, ते वेड नव्हे आणि बहुतेकांचे निवळतात. वाद घालायचा नाही, "तुम्ही पुण्यात आहात, हॉस्पिटलमध्ये, मी इथं आहे" एवढं शांतपणे म्हणायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. चष्मा लावून द्या. निम्मा गोंधळ न दिसण्याचा असतो.

पेशंटच्या अंगावरून दुसऱ्याशी बोलू नका. जीबीएसमध्ये तर माणूस आतून पूर्ण जागा असतो, गुंगीचं औषध नसेल तेव्हा सगळं ऐकतो. एकदा आमच्या एका नातेवाइकाने पलंगाशेजारीच मला विचारलं, "खर्च किती झाला?" ह्यांचे नाडीचे ठोके स्क्रीनवर चढलेले मी पाहिले. त्यानंतर त्या गृहस्थांना मी आत सोडलं नाही.

स्पर्श विचारून करा. ह्या आजारात नसा इतक्या दुखतात की चादरसुद्धा टोचते. आपण मायेने पाय चेपायला जातो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते आपल्याला प्रेमाचं वाटतं. ह्यांना फक्त कपाळावर हात चालायचा. आणि तेल लावून मालिश तर कुणालाच करू देऊ नका. बरेच दिवस निजून असलेल्याच्या पायात रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळण्याने सुटली तर फुप्फुसात जाते. सासूबाईंनी घरून कोमट केलेलं तिळाचं तेल दिलं होतं. मी ते आणून माझ्याच गुडघ्यांना लावलं आणि त्यांना सांगितलं, लावलं.

अंगारा-प्रसादाचं असंच. घरातली माणसं श्रद्धेने देतात, त्यांना तोडू नये. अंगाऱ्याची पुडी माझ्या पर्समध्ये राहिली. तोंडात काही घालायचं नाही, तीर्थाचा थेंबसुद्धा नाही. गिळता येत नसलं की तो थेंब फुप्फुसात जातो.

सिस्टरना रोज विचारण्यासारख्या दोन गोष्टी: कूस दर दोन तासांनी बदलतात ना, आणि पाठ-माकडहाड-टाचा कशा आहेत. जीबीएसमध्ये कधी कधी पापण्या पूर्ण मिटत नाहीत, तेव्हा डोळ्यांत थेंब आणि रात्री पट्टी, हेही. विचारायची पद्धत महत्त्वाची. तपासनीसासारखं नाही, "सिस्टर, टाच लाल वाटतेय का हो जरा?" असं. वॉर्डातल्या मावशी आणि मामांची नावं पाठ करा. स्पंज करणारे, दाढी करणारे, कूस बदलणारे तेच. ह्यांना मामांकडून अंग पुसून घ्यायला अवघड वाटत नव्हतं, मावशी आल्या की डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मी इन्चार्ज सिस्टरना एकदा सांगितलं, त्यांनी जमेल तेव्हा मामांनाच पाठवलं. अशा गोष्टी सांगितल्याशिवाय कुणाला कळणार?

बोलता येत नाही तेव्हा

पापणी मिटण्यावर 'हो-नाही' ठरवू नका. पापणी आपोआप मिटते, मग घोळ होतो. डोळे वर म्हणजे हो, डोळे बाजूला म्हणजे नाही. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, सिस्टरना विचारून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा, म्हणजे प्रत्येक ड्युटीतल्या माणसाला कळेल.

त्याच्या पुढे जायचं तर बाराखडी. इंग्रजी अक्षरांचे तक्ते तयार मिळतात, पण हे मराठी शाळेत शिकलेले, त्यांनी स्पेलिंगं कशी करायची? मुलाने कार्डशीटवर वर्णमाला ओळींनी लिहिली: पहिली ओळ क ख ग घ, दुसरी च छ ज झ, अशा. ओळींना आकडे. आधी ओळ विचारायची, "पहिली? दुसरी? तिसरी?" डोळे वर गेले की त्या ओळीतली अक्षरं एकेक. काना-मात्रा सोडून द्यायच्या, अंदाजाने कळतं. नेहमीच्या गोष्टी वेगळ्या चौकटीत: दुखतंय, सक्शन (म्हणजे नळीतला कफ मशीनने ओढून काढणं), गरम होतंय, कूस बदला, लाइट बंद.

अंदाज कसा चुकतो तेही सांगते. पहिल्या दिवशी ह्यांनी दोन अक्षरं दिली, प आणि ट. सिस्टर म्हणाल्या पोट, पोट दुखतंय. हे डोळे बाजूला करतायत, पण आम्ही ठरवूनच टाकलेलं. डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, नाकातल्या नळीतून द्यायचं पातळ अन्न, म्हणजे फीड, थांबवलं. शेवटी मुलाच्या लक्षात आलं आणि त्याने विचारलं, "बाबा, पट्टा? गिरणीचा पट्टा?" डोळे जे वर गेले! चक्कीचा पट्टा झिजला होता, बदलायचा राहिला होता आणि हा माणूस व्हेंटिलेटरवर पडून त्या काळजीत. तेव्हा शब्द पूर्ण होईपर्यंत थांबा. शेवटी एकदा "बरोबर?" विचारा. आणि थकवा आला की तक्ता बाजूला ठेवा, एका भेटीत दोन-तीन शब्द पुष्कळ झाले.

बोलायला विषय सुचत नसेल तर मोठं काही बोलू नका. मी गिरणीत आज कोण कोण आलं, ज्वारीचा भाव काय, कुणाचा डबा राहिला, हे सांगायची. बरे झाल्यावर म्हणाले, तेवढंच ऐकावंसं वाटायचं.

माणसं

बातमी एकाच तोंडातून बाहेर जाऊ द्या. आमच्याकडे ते काम भावजींना दिलं. रोज रात्री आठला ते व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकायचे, मग ज्याला विचारायचं त्याने त्यांना विचारायचं. माझा फोन हॉस्पिटलसाठी मोकळा. 'भेटायला कधी येऊ' म्हणणाऱ्याला सरळ काम सांगा. माणसांना काहीतरी करायचंच असतं, त्यांना काय ते कळत नसतं. वन्सं रोजचा डबा बघायच्या, शेजारचे काका गिरणीचं शटर उघडायचे, माझ्या मैत्रिणीने विम्याच्या कागदांच्या झेरॉक्सचं सगळं पाहिलं.

"बाईमाणूस एकटी रात्री कशी थांबणार" हे ऐकावं लागतं आणि "बायकोच जवळ हवी" हेही, बहुधा एकाच तोंडून. पेशंट आयसीयूत असेल तर रात्री बाहेर एक माणूस लागतं ते औषध आणायला आणि सहीला. ते तुम्हीच असायला पाहिजे असं नाही. पाळ्या लावा. ज्या रात्री थांबाल त्या रात्रीसाठी चटई, शाल, लांब वायरचा चार्जर, पाण्याची बाटली, मोज्यांचा एक जोड. वेटिंग हॉलमध्ये पहाटे एसीने पाय गारठतात. पर्स डोक्याखाली, आणि चपला पिशवीत घालून उशाशी. चोरी चपलांचीच जास्त होते.

स्वतःची बीपीची गोळी डब्याबरोबर ठेवा म्हणजे जेवताना आठवते. मी महिन्याभराने अर्धा दिवस कामावर जायला लागले. काहींनी नाकं मुरडली. काउंटरवर नोटा मोजताना ते तीन तास डोकं शांत राहायचं, आणि पगारही हवाच होता.

पैसा

वहीच्या मागच्या बाजूला रोजचा खर्च, डिपॉझिटच्या पावतीचे नंबर आणि परत केलेली औषधं. आयसीयूत औषधं भरपूर मागवली जातात, वापरली न गेलेली परत करून क्रेडिट मिळतं, पण ते आपण मागितलं तर. रोजचं चालू बिल काउंटरवर मागा, शेवटच्या दिवशी एकदम बघू नका. तपशीलवार बिल हा रुग्णाचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची मिनतवारी करायची गरज नाही. मला एका ठिकाणी, एकच तपासणी एका तारखेला तीनदा लावलेली दिसली. वहीत नोंद होती, दाखवली, दोन कमी झाल्या. आवाज चढवावा लागला नाही.

विमा असेल तर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या एजन्सीच्या, खिडकीवर पहिल्याच दिवशी जा. कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने १ तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यावा, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये सांगितलेलं आहे. हे नम्रपणे आठवण करून देता येतं. खोलीच्या भाड्याची मर्यादा पॉलिसीत आधी वाचा. मर्यादा ५,००० ची आणि खोली ८,००० ची घेतली, तर नुसते वरचे तीन हजार जात नाहीत, डॉक्टरांच्या फीसारखे इतर चार्जही त्याच प्रमाणात कापले जातात. ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर वगैरे बहुतेक पॉलिसीत धरतच नाहीत, ती रक्कम बाजूला ठेवा.

विमा नसेल तर हॉस्पिटलात सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल कुठं आहे ते विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांत आणि ठरलेल्या उपचारांना. म्हणून ॲडमिट करण्याआधी किंवा लगेच त्याच दिवशी विचारायचं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथं मेडिकल सोशल वर्करला भेटा, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड न्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही तेच सांगतात. ह्यात संकोच करू नका. मी रोज कर्जाचे अर्ज बघते. मागणाऱ्याला वाटतं तितकं समोरच्याच्या मनात काही नसतं.

वॉर्डात आल्यावर आणि घरी जाताना

आयसीयूतून वॉर्डात हलवलं की सगळे पेढे वाटायला निघतात. खरं तर घरच्यांचं काम तिथून वाढतं. आत एका सिस्टरकडे एक-दोन पेशंट असतात, वॉर्डात कितीतरी. म्हणून हलवण्याआधी आयसीयूतच शिकून घ्या: कूस कशी बदलायची, नळीतून फीड देताना डोकं किती वर, गळ्याला नळी असेल तर सक्शन कसं. नुसतं बघू नका, त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा.

आणि ह्याच वेळी माणूस चिडतो. आत असताना जगायचंच काम होतं, आता कळतं की चमचा धरता येत नाही. हे फिजिओथेरपिस्टवर खेकसायचे, माझ्यावर तर जास्तच. जीबीएस साधारण दोन ते चार आठवडे वाढतो, थांबतो, आणि मग सावकाश उतरतो. उतरणीला महिने लागतात. आज बोट हललं तर ते तारीख घालून वहीत लिहा. "काहीच फरक नाही" म्हणाले की मी वही उघडून मागच्या महिन्याचं पान वाचून दाखवायची. कधी पटायचं, कधी वही भिरकावता आली असती तर भिरकावली असती. रडू येतं, दोघांनाही. फार दिवस गप्प गप्प असतील, जेवण टाकलं असेल, 'नको आता' अशी भाषा असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावरही उपचार असतात.

डिस्चार्जच्या दिवशी बिल भरायच्या रांगेत मुलाला उभं करा आणि तुम्ही डिस्चार्ज कार्ड वाचा. नाव, वय, तारखा, आणि आजाराचं नाव विम्याच्या अर्जात आहे तसंच आहे का. औषधं कोणती, किती दिवस, बंद कधी करायची. पुन्हा कधी दाखवायचं, आणि काय झालं तर रात्रीसुद्धा आणायचं. केसपेपरची प्रत हवी असेल तर लेखी अर्ज करा, ७२ तासांत द्यावी लागते.

घरी लागणारा पलंग, हवेची गादी, सक्शन मशीन, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची हे विकत घेऊ नका. सगळं महिन्याच्या भाड्याने मिळतं, काही मंडळं आणि ट्रस्ट तर नुसत्या डिपॉझिटवर देतात. पलंग ठरवण्याआधी जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी टेपने मोजा. आमचा पलंग पहिल्या मजल्याच्या वळणावर अडकला, तो मिस्त्री बोलावून सुटा करून वर न्यावा लागला, आणि तोवर हे खाली ॲम्ब्युलन्समध्ये पडल्या पडल्या हमालांना सूचना देत होते.